साडेनऊ फुटी छताखाली दोन बास ड्रमचा संच : माइक-मांडणीचा एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला असलेल्या एका रो हाऊसमधले आहे. तळमजल्यावरची १६ फूट लांब, १२ फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच खोली तिथे घरगुती स्टुडिओ म्हणून वापरली जाते. मालक स्वतः गिटारवादक असून एरवी या खोलीत गायन, गिटार आणि कधीमधी तबला-संवादिनी एवढेच ध्वनिमुद्रण होते. त्याच्या बँडची गाणी मुद्रित करण्याची वेळ आली, तेव्हा ड्रमरने सरावाचा संपूर्ण संच आणण्याचा आग्रह धरला. त्या संचात पायाने वाजवायचे २२ इंची दोन बास ड्रम, खालून तारा लावलेला १४ इंची स्नेअर, १०, १२ आणि १३ इंचांचे तीन रॅक टॉम, १६ आणि १८ इंचांचे दोन फ्लोअर टॉम, हाय-हॅट, २० इंची राइड, तीन क्रॅश, एक चायना आणि एक छोटा स्प्लॅश होता. म्हणजे आठ ड्रम आणि सात सिंबल (धातूच्या थाळ्या). मांडल्यावर तो रुंदीला आठ फुटांच्या जवळ आणि पुढून मागे सहा फुटांच्या आसपास भरला. मालकाकडच्या ऑडिओ इंटरफेसला (माइकचा आवाज संगणकात नेणाऱ्या यंत्राला) आठ माइक प्रीॲम्प, म्हणजे माइकचा क्षीण संकेत वाढवणारे भाग, आणि एक ऑप्टिकल इनपुट होते.

मला बोलावले ते मालकाचा हिशेब आधीच झालेला असताना. पंधरा वाद्ये, त्यावर दोन ओव्हरहेड (संचाच्या वर लावलेले माइक), जमल्यास एखादा खोलीचा माइक. तेव्हा आठ चॅनेलचा आणखी एक प्रीॲम्प भाड्याने आणून निदान सोळा चॅनेल तरी करावेत, असे त्याचे म्हणणे होते. हा हिशेब चुकीचा नव्हता, पण तो चुकीच्या टोकाकडून सुरू झाला होता. एवढ्या खोलीत एवढा संच वाजतो तेव्हा प्रत्येक माइकला प्रत्येक वाद्य ऐकू येते. सोळावा माइक लावला म्हणजे सोळावे वाद्य वेगळे मिळते असे होत नाही. उरलेल्या पंधरा वाद्यांची सोळावी, किंचित उशिराने पोहोचलेली प्रत मिळते. म्हणून माइक किती लावायचे हा प्रश्न मागे ठेवून संपूर्ण संच दोन ओव्हरहेडमध्ये कसा ऐकू येतो हे आधी पाहावे आणि त्या चित्रात जे खरोखर कमी पडेल तेवढ्यासाठीच जवळचे माइक वाढवावेत, अशी माझी सूचना होती. मालकाने ती मान्य केली; ड्रमरने मान हलवली, पण त्याचे समाधान झालेले दिसत नव्हते.

खोली

मुंबईत ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ज्यांनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण पाहिले आहे, त्यांना मोठ्या दालनाच्या उंचीचा फायदा वेगळा सांगावा लागत नाही. तिथे छतावरून परतलेला आवाज इतक्या उशिरा आणि इतका क्षीण होऊन येतो की तो मूळ आवाजात मिसळून त्याला बिघडवत नाही. साडेनऊ फुटांच्या छताखाली मात्र ओव्हरहेड माइक जितका वर न्यावा तितका तो छताच्या परावर्तनाच्या तावडीत सापडतो. माइक छताच्या एक फूट खाली असेल तर खालून येणारा आवाज छताला लागून दोन फुटांचा जादा प्रवास करून पुन्हा त्याच माइकमध्ये येतो. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरला, तर हा उशीर पावणेदोन मिलिसेकंदांहून किंचित जास्त होतो आणि २८० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका स्नेअर आणि टॉमच्या भरीवपणाच्या जागी, दोन्ही आवाज एकमेकांना खोडून पहिला खळगा पडतो; त्याच्या वर ठरावीक अंतराने आणखी खळगे पडत जातात. कार्डिऑइड माइक पाठीमागचा आवाज कमी घेतो हे खरे, पण पूर्ण नाकारत नाही.

यावर दोन उपाय एकत्र केले. ओव्हरहेड जमिनीपासून साडेसहा फुटांवरच ठेवायचे ठरले, म्हणजे वर तीन फूट मोकळे राहिले. आणि संचाच्या वर येणाऱ्या छताच्या भागाला चार इंच जाडीच्या रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या), कापडात गुंडाळलेल्या पाट्या टांगल्या. त्याआधी छताचा पंखा उतरवावा लागला. पंखा चालू असताना त्याची पाती परावर्तित आवाज कापत राहतात आणि सिंबलच्या लांबणाऱ्या नादात थरथर येते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण बंद पंख्याचे पत्र्याचे पातेही मोठ्या ठोक्याला बारीक वाजते, आणि ते हेडफोनवर शोधून सापडेपर्यंत स्नेअरच्या तारांवर संशय घेतला जातो.

खालच्या स्वरांचा प्रश्न वेगळा होता. १६, १२ आणि साडेनऊ फुटांच्या खोलीचे पहिले अनुनाद अनुक्रमे ३५, ४७ आणि ६० हर्ट्झच्या आसपास येतात. यातला तिसरा त्रासदायक ठरला, कारण २२ इंची बास ड्रमचा मूळ स्वर बहुधा त्याच परिसरात लावला जातो. चार इंचांचे रॉकवूल या कंपनांपुढे जवळजवळ निष्प्रभ असते. त्यामुळे संच कोपऱ्यात किंवा भिंतीला टेकवून न ठेवता आणि खोलीच्या बरोबर मध्यावरही न आणता, ड्रमरच्या पाठीमागे सुमारे चार फूट जागा सोडून, लांबीच्या दिशेने तोंड करून मांडला. मागच्या कोपऱ्यांत गाद्या गुंडाळून उभ्या केल्या आणि बाजूच्या भिंतींवर, सिंबलच्या उंचीला, जाड गोधड्या भिंतीपासून थोड्या सुट्या टांगल्या. गोधडी भिंतीला चिकटवली तर फक्त वरचे स्वर शोषते आणि खोली कोंदट वाटू लागते. मधे चार-सहा इंचांची हवा ठेवली की तिचा परिणाम थोडा खालपर्यंत पोहोचतो.

शेजाऱ्यांचा विचार वेळापत्रकात केला. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, तर ड्रमरच्या कानाशी पातळी १०० डेसिबलच्या सहज पुढे जाते. नऊ इंची विटांची भिंत बराच भार उचलते, पण खिडकी आणि दार उचलत नाहीत. खिडकीत प्लायवूड आणि रॉकवूलचा घट्ट बसणारा बूच केला, संच दोन प्लायवूडच्या थरांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून केलेल्या चौथऱ्यावर ठेवला, आणि दुपारच्या झोपेची वेळ सोडून काम केले.

माइकच्या आधी

मोठ्या संचाच्या बाबतीत माइक लावण्याआधीचे काम हे निम्म्याहून अधिक काम असते, असे माझे मत आहे आणि या प्रकरणात ते पुन्हा दिसून आले. आठ ड्रम एकमेकांशेजारी असले की एकाच्या ठोक्याने बाकीचे सात गुणगुणतात. १२ आणि १३ इंची टॉमचे स्वर इतके जवळ लागले होते की एकाला मारल्यावर दुसऱ्याचा नाद मागे लोंबत राहत होता. दोघांच्या स्वरांत स्पष्ट अंतर ठेवून खालच्या हेडचा (ड्रमवर ताणलेल्या पडद्याचा) ताण बदलल्यावर ते बरेच आटोक्यात आले. टॉमवरची जुनी हेड बदलून दुहेरी थराची नवी लावली. स्नेअरला कोटिंग असलेले एकेरी हेड ठेवले. स्नेअरच्या तारा टॉमबरोबर खुळखुळतात ही तक्रार शून्यावर आणता येत नाही. १० इंची टॉमचा स्वर थोडा चढवल्यावर ती कमी झाली, आणि तेवढ्यावर थांबलो, कारण त्यापुढे स्नेअरचा जीवच जायला लागला.

सिंबलची उंची हा खरा वाटाघाटीचा विषय ठरला. ड्रमर क्रॅश आणि चायना टॉमच्या कडेला जवळजवळ टेकतील एवढे खाली ठेवत असे, कारण वेगवान भागात हात कमी हलवावा लागतो. पण टॉमचा माइक आणि सिंबल यांच्यात चार बोटांचे अंतर असेल तर टॉमच्या ट्रॅकवर टॉमपेक्षा सिंबल जास्त येतो, आणि नंतर टॉम उचलायला गेले की सिंबलही उचलला जातो. प्रत्येक सिंबल दोन-तीन इंच वर घ्यावा आणि चायना किंचित बाहेर न्यावा, एवढीच विनंती केली. त्याने आधी नकार दिला, मग एका गाण्याच्या सरावात करून पाहिले, आणि नंतर तसेच ठेवले. सगळ्या प्रकरणात ज्या एका बदलाने टॉमच्या आवाजात सर्वांत जास्त फरक पडला तो हाच, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च आला नाही.

दोन बास ड्रम

एकच बास ड्रम ठेवून दुहेरी पेडल वापरले असते तर एक माइक, एक स्टँड आणि बरीचशी जमीन वाचली असती. ही सूचना मी केली होती. ड्रमरचे म्हणणे असे की दुहेरी पेडलमध्ये डाव्या पायाचा ठोका दांड्यावरून फिरून येतो आणि त्याला तो नेहमी थोडा जड लागतो. शिवाय एकाच हेडवर लागोपाठ मारताना आधीच्या ठोक्याचे कंपन पुढच्या ठोक्याखाली सापडते, तर दोन ड्रम असले की प्रत्येकाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. दुसरा मुद्दा ऐकण्यातूनही पटतो. तेव्हा दोन्ही ड्रम राहिले, आणि त्यातून एक अडचण पुढे आली, जी एका बास ड्रमच्या संचात कधी भेटतच नाही.

दोन्ही पाय आलटून पालटून एका मात्रेत चार ठोके अशा वेगाने चालतात तेव्हा ऐकणाऱ्याला ते एकच वाद्य वाटले पाहिजे. उजव्या ड्रमच्या पुढच्या हेडला माइक आत जाण्याएवढे भोक होते. डावा ड्रम नंतर जुन्या बाजारातून घेतलेला, त्याचे पुढचे हेड अखंड आणि त्यावर बँडचे नाव रंगवलेले. घरात बास ड्रमसाठीचा एकेजी डी११२ हा माइकही एकच होता. पहिल्या चाचणीत उजव्याच्या आत डी११२ आणि डाव्याच्या बाहेर दुसऱ्या जातीचा माइक लावला, तेव्हा वेगवान भाग ऐकताना एक ठोका पुढे आणि एक मागे, अशी लंगडी चाल कानाला जाणवू लागली. ड्रमरने पहिल्यांदा स्वतःच्या पायालाच दोष दिला आणि म्हणाला, “दादा, डावा पाय मागे पडतोय, परत घेऊया.” ट्रॅक मोठा करून पाहिल्यावर पाय वेळेत होते. फरक आवाजाच्या घडणीत होता: एका ड्रमच्या ठोक्याला धार होती आणि दुसऱ्याला फक्त फुगीर गोलपणा, आणि कान धारेलाच ठोक्याची वेळ समजतो.

दोन्ही ड्रमची पुढची हेड काढून टाकणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होता. त्याने दोन्हींचा आवाज सारखा झाला, पण सपाट आणि कोरडाही झाला. संथ गाण्यांत तो चालला नसता. रंगवलेल्या हेडला भोक पाडायला ड्रमर तयार नव्हता, आणि तयार नसावा हेही मला योग्यच वाटते. शेवटी डाव्यासाठी उजव्यासारखेच भोक असलेले हेड विकत आणले, दुसरा डी११२ भाड्याने घेतला, दोन्ही ड्रममध्ये एकसारख्या आकाराच्या उशा एकसारख्या टेकवून ठेवल्या आणि दोन्ही माइक भोकातून तेवढेच आत, बीटरच्या (पेडलच्या हातोडीच्या) दिशेने पण त्याच्या रेषेपासून थोडे बाजूला, वळवून लावले. स्वर जुळवताना दोन्हींची पाठची हेड बोटाने टिचकी मारून, दर बोल्टपाशी, एकमेकांशी ताडून पाहिली. बीटरही एकाच जातीचे करावे लागले. डाव्या पेडलला फेल्टचा आणि उजव्याला प्लास्टिकचा बीटर आहे हे तोवर ड्रमरच्याही लक्षात आलेले नव्हते.

एवढे करून उरते ती गळती. दोन बास ड्रमच्या माइकमध्ये सुमारे अडीच फुटांचे अंतर होते, म्हणजे उजव्याचा ठोका डाव्या माइकमध्ये दोन मिलिसेकंदांहून किंचित उशिरा पोहोचतो, आणि दोन्ही ट्रॅक एकत्र केले की २२५ हर्ट्झच्या आसपास थोडी पोकळी येते. ड्रमच्या पोटातला माइक शेजारचा आवाज पुष्कळ कमी घेतो, त्यामुळे ही पोकळी उथळच राहिली. तरीही ज्या गाण्यांत डावा ड्रम वाजतच नाही, तिथे त्याचा ट्रॅक पूर्ण बंद ठेवायचा आणि दुहेरी भागात तेवढ्यापुरता उघडायचा, असे ठरवले.

दोन बास ड्रमचा एक फायदाही निघाला. एकाच बास ड्रमच्या संचात स्नेअर आणि बास ड्रम यांना जोडणारी रेषा तिरकी जाते. दोन्ही वाद्ये स्टिरिओत मधोमध ठेवायची तर ओव्हरहेड त्या तिरक्या रेषेच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर मांडावे लागतात. इथे स्नेअर ड्रमरच्या गुडघ्यांमध्ये आणि बास ड्रम त्याच्या दोन्ही अंगांना असल्याने मधली रेषा सरळ ड्रमरच्या समोर जात होती. संच मोठा, पण मापाला सोपा.

ओव्हरहेड आणि पहिले आठ

इंग्लंडमधील ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत मालकाला करून पाहायची होती. तीत एक माइक स्नेअरच्या वर आणि दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूने, दोन्ही स्नेअरपासून सारख्या अंतरावर ठेवतात आणि जोडीला बास ड्रम व स्नेअरचे माइक घेतात. ही पद्धत १९६०च्या दशकाच्या अखेरीस गाजली ती कमी वाद्यांच्या संचावर आणि मोठ्या दालनात. आम्ही ती मांडून ऐकली. बाजूचा माइक १८ इंची फ्लोअर टॉम आणि चायना यांच्या इतका जवळ आला की त्या दोघांपुढे डावीकडचे टॉम दूरच्या खोलीत वाजल्यासारखे झाले. आठ फूट रुंद संचाला ती मानवली नाही.

त्याऐवजी छोट्या पडद्याचे दोन सारखे कंडेन्सर माइक मधल्या रेषेच्या दोन बाजूंना, प्रत्येकी स्नेअरच्या मध्यापासून पाच फुटांवर लावले. हे अंतर फूटपट्टीने मोजण्याऐवजी सुतळीने मोजणे सोयीचे पडते: सुतळीचे एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरायचे, दुसरे माइकच्या तोंडाला, आणि तीच सुतळी तशीच ताणून दुसऱ्या माइकला लावायची. अंतर सारखे असले की स्नेअरचा ठोका दोन्ही ट्रॅकवर एकाच क्षणी येतो, आणि हे नंतर तरंगाकृतीत डोळ्यांनीही तपासता येते. ओव्हरहेडचे तोंड क्रॅशकडे न ठेवता टॉमकडे रोखले. सिंबल तसेही मोठेच येतात. त्यांना आमंत्रण द्यावे लागत नाही.

नुसत्या या दोन माइकवर एक गाणे मुद्रित करून सगळ्यांनी बसून ऐकले. स्नेअर आणि हाय-हॅट जागेवर होते, सिंबलांची डावी-उजवी बाजू स्पष्ट होती, टॉमचा स्वर होता पण वजन नव्हते, बास ड्रमचा नुसता पुसट धक्का होता. यावरून पुढचे सहा चॅनेल आपोआप ठरले. दोन बास ड्रमना दोन. स्नेअरवर एक एसएम५७ माइक, कडेच्या वर दोन बोटांवर आणि हाय-हॅटकडे पाठ करून. १० आणि १२ इंची टॉमच्या मध्ये एक, १३ इंचीला एक, आणि दोन फ्लोअर टॉमच्या मध्ये एक. अशी आठ चॅनेलची मांडणी पूर्ण झाली. हाय-हॅटला माइक दिला नाही, कारण तो स्नेअरच्या माइकमध्ये नको तितका येतच होता.

सर्व माइक उभे राहिल्यावर पोलॅरिटीची, म्हणजे प्रत्येक संकेताच्या धन-ऋण दिशेची, तपासणी केली. हा भाग घाईत सुटतो. बास ड्रमच्या आतला माइक आपल्याकडे येणारा दाब टिपतो, तर वरून मारलेल्या स्नेअर किंवा टॉमचे हेड ओव्हरहेडपासून दूर जाते. त्यामुळे बास ड्रमचा ट्रॅक ओव्हरहेडच्या उलट असण्याची शक्यता मुळातच जास्त असते. एक-एक जवळचा माइक ओव्हरहेडबरोबर मोनोमध्ये ऐकायचा, त्याची पोलॅरिटी उलटवायची, आणि ज्या स्थितीत खालचा आवाज भरतो ती ठेवायची. दोन्ही बास ड्रम उलटवावे लागले, टॉम नाही. स्नेअरचा जवळचा माइक आणि ओव्हरहेड यांच्यात सुमारे साडेचार मिलिसेकंदांचा, म्हणजे ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ४८ हजार नमुने घेताना) दोनशे दहाच्या आसपास नमुन्यांचा फरक होता. संगणकावर ओव्हरहेड तेवढे पुढे सरकवून पाहिले. स्नेअर अधिक टणक झाला, पण संचाभोवतीची हवा कमी झाली. म्हणून ते जागच्या जागी ठेवले. हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे आणि मालकाचे मत अजूनही माझ्याविरुद्ध आहे.

आणखी चार, आणि एक जिन्यात

आठ चॅनेलवर केलेल्या मुद्रणात तीन गोष्टी खरोखर कमी पडल्या. १० ते १८ इंचांपर्यंत उतरत जाणारी लांब टॉमची ओळ बँडच्या एका गाण्याचा कणा आहे. तिथे सामायिक माइकमुळे पहिले दोन आणि शेवटचे दोन टॉम एकाच जागी वाजत होते, मधेच उडी पडत होती. स्नेअरच्या हळू ठोक्यांत तारांचा कुरकुरीतपणा नव्हता. आणि एका संथ भागात राइडच्या घुमटीवर वाजवलेला ठेका क्रॅशच्या लाटेखाली बुडत होता. आता भाड्याच्या प्रीॲम्पला कारण होते. तो आणला आणि वाढलेल्यांपैकी चार चॅनेल टॉम वेगळे करण्यासाठी दोन, स्नेअरच्या खाली एक आणि राइडच्या खाली एक, असे वापरले. स्नेअरखालच्या माइकची पोलॅरिटी अर्थातच उलटवली.

ऑप्टिकल केबलने दुसरा प्रीॲम्प जोडताना दोन बाबी सांभाळाव्या लागतात. दोन्ही यंत्रांपैकी एकानेच घड्याळ (नमुने घेण्याचा ताल) द्यायचे आणि दुसऱ्याने ते मानायचे. एकच केबल प्रीॲम्पकडून इंटरफेसकडे जात असल्याने घड्याळ प्रीॲम्पचे ठेवले आणि इंटरफेसला ऑप्टिकल इनपुटवर बांधले. हे राहिले तर मधूनच टकटक येते आणि दोष केबलला दिला जातो. शिवाय या केबलवरून आठ चॅनेल ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झवरच येतात, ९६ वर निम्मे होतात. म्हणून सगळे काम ४८ वर केले. दुसरी बाब कमी बोलली जाते: दोन यंत्रांना आवाजाचे आकड्यांत रूपांतर करायला लागणारा वेळ तंतोतंत सारखा नसतो. फरक अगदी थोड्या नमुन्यांचा असतो, पण एकाच ड्रमवरचे दोन माइक वेगवेगळ्या यंत्रांत गेले तर तो वरच्या स्वरांत ऐकू येऊ शकतो. त्यामुळे स्नेअरचे वरचे-खालचे दोन्ही माइक इंटरफेसवर घेतले, ओव्हरहेड आणि बास ड्रमच्या जोड्या तिथेच राहू दिल्या, आणि टॉम व राइड प्रीॲम्पवर हलवले.

उरलेल्यांपैकी एका चॅनेलचा उपयोग मालकाच्या कल्पनेने झाला. खोलीतच दूर माइक लावण्यात अर्थ नव्हता, कारण ‘दूर’ म्हणावे असे अंतर त्या खोलीत नाही. भिंतीपाशी ठेवलेला माइक ६० हर्ट्झची घुमी तेवढी गोळा करत होता. दाराबाहेर मात्र वर जाणारा, फरशीचा आणि मोकळ्या भिंतींचा जिना होता. दार थोडे उघडे ठेवून जिन्याच्या वळणावर एक मोठ्या पडद्याचा माइक लावला, तेव्हा बारा-तेरा मिलिसेकंद उशिराने येणारा, खणखणीत, संचाहून मोठा वाटणारा आवाज मिळाला. वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली की तीही त्यात येई. त्यासाठी स्वयंपाकघराशी वेळा ठरवाव्या लागल्या. मालकाच्या आईने त्या आमच्यापेक्षा काटेकोरपणे पाळल्या.

तीन चॅनेल शेवटपर्यंत रिकामे राहिले. सर्व ट्रॅकची पातळी सर्वांत मोठ्या ठोक्यालाही शून्याच्या, म्हणजे यंत्राच्या कमाल पातळीच्या, दहा-बारा डेसिबल खाली राहील अशी धरली. चोवीस बिटमध्ये याहून वर जाण्याचे काही कारण नसते आणि ड्रमर चाचणीपेक्षा गाण्यात नेहमीच जोराने वाजवतो. दर सत्राच्या शेवटी प्रत्येक ड्रमचे हलके, मध्यम आणि जोराचे सुटे ठोके मुद्रित करून ठेवले. आजकाल जड संगीतात बास ड्रमचा ठोका बहुधा आधी मुद्रित केलेल्या तयार ठोक्याने बदलला जातो. बँडला ते नको होते, पण एखादा ठोका दुरुस्त करायचा झाला तर तो याच ड्रमचा, याच खोलीतला असावा, एवढी सोय केली.

मिश्रणात काय उरले

मिश्रण करताना ओव्हरहेडचा खालचा भाग ९० हर्ट्झपाशी कापला. पुष्कळ जण तो चार-पाचशेपर्यंत कापून ओव्हरहेडला नुसत्या सिंबलचे माइक बनवतात. तसे केले असते तर सगळे वजन जवळच्या माइकवर पडले असते आणि छतापासून सुतळीपर्यंतची सगळी मेहनत वाया गेली असती. टॉमचे ट्रॅक गेटने (ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणाऱ्या साधनाने) बंद करण्याऐवजी, जिथे टॉम वाजत नाही तिथे हाताने कापून गाळले. गेट चायनाच्या ठोक्याला फसून उघडत होता, आणि सहा गाण्यांतले टॉम हाताने कापायला लागणारा वेळ गेट समजावत बसण्यापेक्षा कमी होता. वेगळ्या केलेल्या टॉमचा फायदा त्या लांब ओळीत स्पष्ट ऐकू आला. स्नेअरखालचा माइक सगळ्या गाण्यांत थोडा-थोडा राहिला. राइडचा माइक एकाच गाण्यात लागला, जिन्यातला दोन गाण्यांत.

दोन दोष राहिले आहेत. १८ इंची फ्लोअर टॉमच्या ट्रॅकवर चायना अजूनही येतो, कारण चायना आणखी बाहेर नेला तर ड्रमरचा हात पोहोचत नाही; माइक टॉमच्या खालून, पोलॅरिटी उलटवून लावून पाहण्याचे पुढच्या सत्रात ठरले आहे. दुसरा दोष ६० हर्ट्झचा फुगवटा. ओव्हरहेडमधून तो कापून निघाला, पण ड्रमर त्याच खोलीत बसून तो ऐकतो आणि त्यानुसार बास ड्रम हळू मारतो, हे वेगवेगळ्या गाण्यांच्या ट्रॅकची तुलना केल्यावर लक्षात आले. त्यासाठी त्याला बंद कपांचे हेडफोन देऊन त्यांत बास ड्रमचा जवळचा माइकच मोठा ऐकवायचा आहे. माइक स्टँडच्या पायांच्या जागा चौथऱ्यावर रंगीत टेपने आखून ठेवल्या आहेत, सुतळीला गाठी मारून ती दारामागच्या खिळ्याला अडकवली आहे, आणि भाड्याचा प्रीॲम्प मालकाने परत न करता विकतच घेतला आहे.